रात्रपाळी

आठवडी बाजारातून सहा पिल्लं आणली,
रंगात बुडवलेली, दहाला एक.
विकणारा म्हणाला, ताई, सगळ्या तलंगा.
आठ दिवसांत रंग उतरला,
पाच महिन्यांत हिरव्याला तुरा फुटला
आणि एका रात्री, तीन वाजता, आवाज.

माझं काय, मी तशीही जागीच असते
लग्नसराईत ब्लाउजांना हुक लावत.
पण भिंतीपलीकडं राजश्री आलेली, बाळंतपणाला.
अठरा दिवसांचं लेकरू
रडून रडून अडीचला डोळा लावायचं
आणि तिनाला हा.

तिची आई भांडली नाही.
नुसती दारात उभी राहिली, उजाडताना,
हातात झबलं, पिळलेलं.
भांडली असती तर बरं झालं असतं.

मानवतात सल्ला फुकट मिळतो.
रविवार कशाला असतो, म्हणाला मधला दीर.
मरीआईला बोलून टाक, म्हणाली नणंद.
चोचीला रबर लाव.
पाथरी रोडला सोडून ये, ढाब्यामागं,
कुत्री काय ते बघून घेतील.
मी ऐकत होते आणि तो
मशीनखाली, कतरणीत बसून
माझा खडू टोचत होता.

माळवदावर जुना कूलर होता, मोटर जळालेला.
जाळी राहू दिली, वारा लागतो.
आतून फळी ठोकली, इतकी खाली
की बसता यावं, वळता यावं,
फक्त मान ताणता येऊ नये.
वर काळ्या अस्तराचा पडदा, दुहेरी शिवलेला.
कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय व्हय,
म्हणाली नणंद.
म्हटलं, तांबड्याशी माझं भांडणच नाही.
फक्त ते तिनाला फुटत नसतं,
एवढंच याला सांगायचंय.

आवाज आला. आडातून आल्यासारखा, पण आला.
लेकरू त्यावरही उठलं.

मग आले केरबामामा, राजश्रीचे वडील,
जिनिंगवर वॉचमन, बोलणं कमी.
कूलरभोवती एक फेरी मारली.
कितीला वरडतो?
तीन.
पक्कं?
घड्याळ लावून घ्या.
मान हलवली. म्हणाले,
तिनालाच माझा डोळा लागतोय.
दोनदा मालकानं धरलंय.

तेव्हापासून रोज नऊला
सायकलच्या हँडलला डालगं लटकतं,
वर माझं अस्तर.
सरकीच्या ढिगावर तो रात्र काढतो,
तीन वाजता मोकळ्या मानेनं, सगळ्या ताकदीनं.
ऐकायला कापसाच्या गाठी
आणि दचकून टॉर्च मारणारा एक माणूस.

सकाळी दोघं परत येतात,
तुऱ्यात कापूस, मिशीत कापूस.
मुनीमानं म्हणे वहीत लिहिलं:
रात्रपाळी, हजर दोन.
पगार एकाचाच.
मी म्हटलं, मामा, दुसऱ्याच्या ज्वारीचं तरी बघा.

राजश्री सांगते, लेकरू आता चारला उठतंय,
आपलं आपण.
त्याला काही अस्तर शिवता येत नाही.