वळणावरची खुर्ची

ब्लांकनेझच्या या टेकडीवर मोटार चढत नाही.
कितीही महागडी असो, वर चौकात थांबते,
मालकाला उरलेलं घर पायी गाठावं लागतं.
एवढीच काय ती इथली समानता:
त्यांचे गुडघे आणि माझे.

सव्वीस वर्षं इथलं टपाल वाटतेय.
पायऱ्या मोजणं तिसऱ्या वर्षीच सोडलं,
आता पोटऱ्या मोजतात.

घरं पांढरी, एल्बेकडे तोंड, गल्लीकडे पाठ.
पूर्वी यांत जहाजांचे वाटाडे राहायचे,
गवताची छपरं, दारं माझ्याहून ठेंगणी;
आज त्याच दारांतून वाकून आत शिरतात
बँकांचे सल्लागार, दातांचे डॉक्टर,
आणि एक बाई, जिच्या पाटीवर आडनाव नाही,
नुसती दोन अक्षरं, पितळेची, रोज पुसलेली.

कुणी कुणाच्या खिडकीत डोकावत नाही,
पण कुणाचा पडदा कधी बदलला, सगळ्यांना ठाऊक.
मला तर पाकिटांवरूनच कळतं.
तेवीस नंबरात वकिलाची जाड पत्रं, आठवड्याला दोन.
त्याच्या खालच्या घरी मुलाचं एक कार्ड,
पर्थहून, नाताळ उलटून गेल्यावर.

वळणावर ओल्डेहूसबाईंनी खुर्ची ठेवली होती.
स्वयंपाकघरातली, निळी, एक पाय आखूड,
त्याखाली फुटक्या कौलाचा तुकडा.
"तुझ्यासाठी नाही हो, पिशवीसाठी," म्हणायच्या.
मग पिशवी बसायची आणि मी उभी.
सहाव्या वर्षी मी बसले, पिशवी मांडीवर घेऊन.
त्या काही बोलल्या नाहीत. चहा मात्र आला.

फेब्रुवारीत बाई गेल्या. घर विकलं.
किंमत कुणी उच्चारली नाही, यावरून काय ते समजा.
नव्या लोकांनी भिंत पाडून काच लावली;
कचऱ्याच्या लोखंडी पेटीत पडदे, बरण्या,
होकायंत्राची रिकामी डबी.
खुर्चीही जाणार, मी धरूनच चालले होते.

काल पाहते तर जागच्या जागी.
कठड्याला साखळीनं बांधलेली, कुलूप नवं कोरं.
चोरीच्या भीतीनं? माझ्यासाठी राखून?
की 'ही आमची' एवढंच सांगायला?
चिठ्ठी नव्हती. इथं चिठ्ठ्या मीच आणते.

पिशवी ठेवली. मग उचलली, आणि बसले.
खालून कंटेनरचं जहाज चाललं होतं,
घरांहून उंच, घरांहून सावकाश.
आखूड पायाला कुणीतरी नवा लाकडी ठोकळा
मापात कापून बसवला होता.
खुर्ची अजिबात डुगडुगली नाही.
मला, खरं सांगू, डुगडुगण्याचीच सवय होती.