किरकोळ खर्च

व्हिगोहून आलेला पोरगा कागद पसरता पसरता
सहज म्हणाला,
'बाईंचा फार जीव असणार ह्या कारखान्यावर.'

ओब्दूलिया हसलीसुद्धा नाही.
'एकतीस वर्षं ह्यानं मला सलग चार तास झोपू दिलं नाही.
नवऱ्याचंसुद्धा इतकं ऐकून घेतलं नाही मी.
हे बघ.'
आणि तिनं खरंच झगा वर करून गुडघे दाखवले,
गारठ्यानं सुजलेले, मोड आलेल्या बटाट्यांसारखे.
पोरगा खिडकीबाहेर बोटी मोजू लागला.

मला कुणी विचारलं नाही.
मी आमारो, हिशेबनीस,
हीटरपासून सगळ्यात लांबच्या टेबलावरचा.

बर्फाचा धंदा म्हणजे काय,
रात्रभर पाण्याला धाकात ठेवायचं
आणि पहाटे तीनला, बोटी सुटायच्या आधी,
नळकांड्यातून खडखडाट करत खाली सोडायचं.
दोन दिवसांत त्याचं पुन्हा पाणी.
सुतार म्हातारपणी निदान एखाद्या खुर्चीवर बसतो.
आम्ही विकलेल्यातलं
बोटभरसुद्धा आज कुठे शिल्लक नाही.

वहीत प्रेमाचं खातं नसतं.
तरी शोधायचंच असेल
तर किरकोळात शोधावं.
सत्त्याण्णव साली, ऐन बोनितोच्या हंगामात,
दोन नंबरचा कॉम्प्रेसर बसला.
तिनं पलीकडच्या बंदरातून दुप्पट भावानं बर्फ आणला
आणि आमच्या बोटींना जुन्याच भावात दिला,
अकरा दिवस.
आईकडून आलेली चेस्टनटची बाग त्यात गेली.
माया म्हणावं की खुन्नस, की नुसतीच
'लोक काय म्हणतील'ची भीती?
मी फरकाची रक्कम लिहिली,
पुढे लिहिलं: किरकोळ खर्च.

त्याच आठवड्यात साबेलाचं शाळेतलं नाटक होतं.
त्याची नोंद नाही.
साबेला आता डेन्मार्कला असते, नाताळात येते,
फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही.
'धाकटी कशी आहे?' विचारते मला,
आणि मान कारखान्याकडे उडवते.

एवढं खरं, की ओब्दूलियानं
पेल्यात बर्फ कधी घेतला नाही.
भर ऑगस्टमध्ये कोमट पाणी प्यायची.

'दोन नंबरचं काय करणार?' तिनं पोराला विचारलं.
'भंगार. तिथे नवीन येईल.'
'करा,' ती म्हणाली,
आणि विजेचं बिल भरावं तशी सही केली.
मग माझ्याच पेनाचं टोपण
बराच वेळ लावत बसली, उलट्या बाजूनं.

आता ती ओरेन्सला, बहिणीकडे.
तिथे जमिनीतून कढत पाणी वर येतं,
त्यात बायका गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारतात.
गुडघे बरे आहेत, म्हणते.

मला अजून दोन वर्षं काढायची आहेत.
नवे मालक भले आहेत, वेळेवर पगार,
कॉफीचं यंत्र,
आणि दर तीन महिन्यांनी एक बाई येऊन
आम्हाला धंद्यावर प्रेम कसं करावं
ते पडद्यावर दाखवते.

परवा रात्रपाळी होती.
तीनला फोन वाजला.
'आमारो, दोन नंबर अजून ठोकतो का रे?'
मागे नवीन यंत्र चाललं होतं,
इतकं गुळगुळीत, की तिचा श्वास ऐकू येत होता.

माझ्या वहीत आजवर खोटा आकडा नाही.
क्वचित चुकीचा रकाना, एवढंच.
'ठोकतो,' मी म्हणालो. 'आज तर जास्तच.'

'मेला!' ती म्हणाली.
'पाना मार डाव्या बाजूला. जोरात नको.'

मी रिसीव्हर बाजूला ठेवला,
जागेवरून उठलो,
आणि पाना शोधू लागलो.