डबल बेल

लातूर डेपोच्या हजेरीत अप्पांचं नाव होतं,
सातबाऱ्यावर कुठंच नव्हतं.
येळवशीला अख्खं शहर रानात पांगायचं,
दुकानांना कुलपं, गल्लीत नुसती कुत्री,
आणि आम्ही बिनशेताचे
धुतलेल्या कपड्यांत ओट्यावर बसून
तुळशीराम ड्रायव्हरच्या टेम्पोची वाट बघायचो.

औशाच्या अलीकडं त्यांचं साडेतीन एकर.
आईच्या मांडीवर आंबिलीचं बिंदगं,
तोंडाला फडकं बांधलेलं,
खड्डा आला की तिचा जीव त्या गाठीत.
मागच्या फळीशी उभे राहून अप्पा मोजायचे,
सुट्टीच्या दिवशीही,
दोन बोटांनी हवेत तिकीट फाडत:
"बावीस. कुणी ऱ्हायलं का?"
मग पत्र्यावर दोन ठोके.
काका आरशात न बघताच गिअर टाकायचे.

कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड.
पाच पांडव.
मी विचारलं, द्रौपदी कुठं हाय?
काकू म्हणाल्या, ती सैपाक करूलालीय की, बाई.

कुठलं साल कुठलं, आता सांगता येत नाही.
सुमित्राआत्या झोक्यावरून गव्हात पडली
आणि तिथूनच ओरडली, भज्जी संपवू नका.
मोठ्या काकांचं नि अप्पांचं बोलणं बंद होतं,
तरी एकमेकांच्या पानात बाजरीचे उंडे ढकलत होते,
तोंड फिरवून.
एकदा माझी नवी चप्पल विहिरीत गेली,
दुसरी मी तिच्यामागं टाकली.
आणि एक वर्ष असं,
की भुईवर बसायचीच भीती वाटत होती सगळ्यांना.
कुणी आंबील लावली नाही.
तरी गेलो. उभ्यानंच ओला हरभरा सोलून खाल्ला,
अंधार पडायच्या आत परत.
त्या दिवशी अप्पांनी दोनदा मोजलं.

तुळशीराम काकांनी रान विकलं.
रडले-बिडले नाहीत.
दोन मजली घर बांधलं, गुडघा बदलून घेतला.
येळवस आली की फोन मात्र आलाच:
"या."
"कुठं?"
"कुठं म्हंजे? रानात."

रान म्हणजे आता प्लॉट नंबर एकोणीस.
मुरमाचा रस्ता, एक विजेचा खांब, तार नसलेला.
सतरंजीच्या चारी बाजूंनी
हद्दीचे दगड, चुना लावलेले.
भाचीनं, शर्वरीनं, कुंकवाचा करंडा घेतला
आणि एकेका दगडाला टिळा लावत निघाली.
पाच झाले, थांबली नाही.
चोपन्न पांडव!
काकूंना हसून हसून ठसका लागला.
मग त्या उठल्या आणि मागोमाग
प्रत्येकापुढं चिमूटभर भज्जी ठेवत गेल्या.

भज्जीत चिंच जरा जास्त झाली होती.
सगळे चांगली झालीय म्हणाले.

निघताना दोन गाड्या.
ह्या गाडीला वाटलं आई त्या गाडीत,
त्या गाडीला वाटलं ह्या.
टोलनाक्यापाशी कळलं.
मागं फिरलो तेव्हा ती
एकोणीस नंबरच्या कोपऱ्यावर बसली होती,
रिकामं बिंदगं मांडीवर, फडकं घडी करून.
मला वाटलं, चिडेल.
म्हणाली, "पैली बार झालं हे.
मोजलंच नसंल कुणी."

तिला पुढं बसवायला गेले, तर म्हणाली,
पुढं तुळशीरामभावजी हायत, बसू दे.
ती मागंच बसली, शर्वरीला थोडं सरकवून.
मी बाहेर उभी राहिले.
काचेतून डोकी मोजली, दुसऱ्या गाडीची धरून तेरा.
पुन्हा मोजली.
काय शोधत होते, मला माहीत होतं.

टपावर दोन ठोके दिले, उगीच, हळू.
काकांचा नातू स्टिअरिंगवरून मान वळवून बघायला लागला,
काय झालं, दार लागलं नाही का?
त्याच्या शेजारी डुलकी लागलेले काका
डोळे मिटलेलेच,
आणि त्यांचा डावा हात
दाराच्या कडेला
गिअर चाचपत होता.