तुटक रेघ

पिएदादच्या घराला रस्ता नाही.
म्हणजे आहे, पण तो तळीला वळसा घालून,
कपेलामागून, चढणीचा, वीस मिनिटांचा.
आमच्या माडांतून आलं तर चार.

ही चार मिनिटं
आमच्या विहिरीच्या कठड्याला घासून जातात,
न्हाणीच्या खिडकीखालून,
जिथं मी टॉवेल गुंडाळून उभा असायचो
आणि ती, मान न वळवता,
"आज बांगडे स्वस्त" सांगून पुढं जायची.

बाबांना त्याचं काही वाटत नसे.
मला वाटायला लागलं
ते शिरोड्यात जमिनीचा भाव कळल्यावर.

मी फोंड्याहून लोखंडी गेट आणलं.
कुलूप नाही, नुसती कडी.
कडी वाजली की कळायचं,
कोणीतरी माझ्या जागेतून जातंय.
शपथेवर सांगतो, तेवढंच हवं होतं.

कुलूप नंतर आलं.
तिचा आग्नेल बोटीवरून सुट्टीला आला,
म्हणाला, गाडी दारापर्यंत यायला हवी,
चार माड काढा, काय ते पैसे देतो.
काय ते!
त्यातला एक तर अजून नीट धरायचा होता.

मग मामलेदार. मग तारखा.
मग सर्व्हेयर, चिखलात बूट घालून.
त्यानं धुण्याच्या दगडावर नकाशा पसरला,
चार कोपऱ्यांवर आमचेच चार नारळ ठेवले.
"ही बघा," म्हणाला, "तुटक रेघ."
पेन्सिलीची, बारीक,
कोणी लंगडत गेलं असावं अशी.
ती आमच्या न्हाणीतून आरपार जात होती.

आजोबांच्या दस्तात एक शब्द निघाला,
पोर्तुगीज, शाई उडालेली: सेर्व्हिदांव.
वकिलानं चष्मा पुसला.
"म्हणजे चाकरी," म्हणाला,
"तुमची जमीन तिच्या पायांची चाकरी करते."
फी त्यानं माझ्याकडून घेतली.

हुकूम आला. दीड मीटर.
चालण्यापुरती वाट, गाडीला नाही, कुलूप काढा.
मी काढलं. गेट सताड उघडं ठेवलं,
बिजागऱ्यांना खोबरेलसुद्धा लावलं.

ती आली नाही.
आग्नेल बोटीवर परत गेला,
आणि ती पाटी कमरेवर घेऊन
कपेलामागून जाऊ लागली, वीस मिनिटं,
चढणीवर गडग्याला टेकून श्वास घेत.
हक्क हातात आल्यावर
तिनं तो घडी करून ठेवून दिला,
कपाटातल्या चांगल्या चादरीसारखा.

पोदेरही आता रस्त्यावरूनच भोंपू वाजवतो.
पावासाठी मला लुंगीत तिथवर जावं लागतं.

वाटेवर आधी लाजाळू आली,
मग तेरं, गुडघाभर,
मग ते काटेरी, ज्याचं नाव बाबांना ठाऊक होतं.

वकिलाचा फोन, दुसऱ्याच कामाचा.
जाता जाता म्हणाला, "थांबा नुसते.
वीस वर्षं कोणी फिरकलं नाही, तर हक्क मरतो."
मी हिशेब केला.
ती एकाहत्तर. मी चौसष्ट.
हिशेब बरोबर होता,
आणि रात्रभर पोटात काहीतरी ढवळत राहिलं.

गेला आठवडाभर मी चालतोय.
उजाडायच्या आधी, कोयती घेऊन,
आमच्या विहिरीपासून तिच्या खुरसापर्यंत
आणि परत.
बायकोला सांगितलंय, डॉक्टरनं चालायला सांगितलंय.
तेरं आडवी होतात, दुसऱ्या दिवशी निम्मी उठतात.
लाजाळू मिटते, जणू मी परका.

आज कुत्रा भुंकला.
तिच्या मागच्या खोलीत दिवा लागला.
मी खुरसाआड,
हद्दीच्या दोन पावलं पलीकडं,
तिच्या जागेत, हातात कोयती, विनापरवानगी.

"कोण रे तो?"

वकिलानं शिकवलेलं एकही वाक्य आठवेना.
तोंडातून आलं,
"बांगडे आलेत का गं आज?"

साडेपाच वाजले होते.
कुत्रा गप्प झाला.
दिवा बराच वेळ तसाच होता.