मोड

मटकीला एक रात्र पुरते.
ओलं फडकं, वर ताटली, सकाळी शेपट्या.
याला साठ दिवस गारठा लागतो.
म्हणून फ्रिजमध्ये, दह्याच्या मागे,
ओल्या वाळूत कालवलेलं बी
फेब्रुवारीपासून पडून होतं.
डब्यावर माझ्या अक्षरात: खाऊ नये.

बी आणलं कब्रस्तानातून.
आयोवात आमच्या बाजूला नांगर जिथे फिरलाच नाही
अशी दीड एकर उरली, ती मेलेल्यांच्या पुण्याईने.
चहूकडे मका, अगदी कुंपणाला खेटून मका,
आणि आत, तीन वर्षांच्या ऑगस्टाच्या दगडामागे
माझ्या छातीपर्यंत गवत.
मुळं ऑगस्टापेक्षाही खाली गेलेली.

ऑरिन हाउगेन, धान्याच्या गोदामात
चाळीस वर्षं ट्रक तोलणारा,
म्हणाला, निम्मं घ्यायचं, निम्मं ठेवायचं.
मग जरा थांबून, तू निम्म्याचंही निम्मंच घे.
बोटांना राळ चिकटली.
तो म्हणाला, टर्पेंटाइनचा वास.
मला वेगळंच काही आठवलं,
त्याला इंग्रजी शब्द सापडेना.

एप्रिलमध्ये घरापुढची हिरवळ खरवडली, बी फेकलं.
जूनमध्ये जे उगवलं ते सगळं
बोलावल्याशिवाय आलेलं.
जुलैत शेजारच्या डार्लाबाईंची तक्रार.

नगर कार्यालयात नोटिसा मीच छापते.
छापली.
दहा इंचांपेक्षा उंच गवत, चौदा दिवसांची मुदत.
जावक क्रमांक घातला, शिक्का मारला,
पाकीट पर्समध्ये टाकून घरी नेलं
आणि दारात स्वतःला दिलं.
पोच म्हणून सही केली.

तण कापलं, सहा इंचांवर, ऑरिनने सांगितलं तसं.
मग तो दुखरा गुडघा टेकून
वीतभर जागेत बोट फिरवत राहिला.
हे बघ.
एक पान. खरखरीत, मांजराच्या जिभेसारखं.
होकायंत्राचं झाड म्हणतात याला,
मोठं झालं की पानं उत्तर-दक्षिण धरून उभी राहतात.
अजून याला कसली दिशा नाही.

फूल कधी?
त्याने डोळे बारीक केले,
समोर ट्रक उभा असावा तसे.
सात वर्षं. आठ धर.
तो त्र्याऐंशीचा आहे.
उठताना त्याने माझा खांदा धरला,
आणि कात्री धार लावायला घेऊन गेला.

रात्री मी मटकी भिजत घातली.
काहीतरी उद्या सकाळी यायला हवं.