विचाराधीन

'विचाराधीन'मधला धी दीर्घ.
हे मी झोपेतसुद्धा सांगेन.
चौतीस वर्षं मुद्रितं तपासली ठाकूरद्वारच्या छापखान्यात,
जिथे आता सोफे विकतात.

दर मंगळवारी खालच्या मजल्यावरचा तन्मेष येतो,
माझा पासवर्ड टाकतो (मला तो पाठ नाही, त्याला आहे)
आणि म्हणतो, "आजी, सेम."
पडद्यावर इंग्रजीत असतं ते.
मी मनात मराठी करून घेते,
तेवढंच हाताला काम.

बोराबाजारातला कुरियन त्याला वेव्हर म्हणतो.
वेव्हर लिहावं की वेवर, यात माझी एक दुपार गेली.
सूट म्हणावं तर साड्यांच्या दुकानासारखं वाटतं,
माफी म्हणावं तर
आधी गुन्हा म्हणावा लागतो.

गुन्हा असा:
ताईची केमो चालू होती, ब्रॅम्प्टनला,
आणि मी परवानगीपेक्षा एकेचाळीस दिवस जास्त राहिले.
मग तेरा वर्षांनी, नव्या अर्जात,
'कधी मुदतीबाहेर राहिला आहात का?'
यापुढच्या चौकटीत मी 'नाही'वर खूण केली.
कोणी सांगितलं नव्हतं. घाबरले होते, एवढंच.
जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने धरल्या,
स्वतःची निळ्या शाईत सही करून पाठवली.

आता कारणं लिहून द्यायची होती.
मी लिहिलं: रात्री तिला उलट्या व्हायच्या,
मी पातेलं धरून बसायचे,
पातेल्याला एका बाजूला पोचा होता.
कुरियनने ते सगळं कापलं आणि
'मानवतेच्या भूमिकेतून' असं घातलं.
बरोबर केलं. मीही कापलं असतं.
पण पोचा राहू द्यायला हवा होता.

लोअर परळच्या काचेच्या इमारतीत
बोटांचे ठसे उमटेनात.
मशीनवरची मुलगी म्हणाली, "काकू, हात ओले करा."
केले. पुसले. पुन्हा केले.
डाव्या अंगठ्याचा तेवढा नीट आला,
ज्याने मी पानं उलटायचे.

त्याला दोन वर्षं होतील दिवाळीत.

रविवारी श्रीरंग ताईच्या कानाला फोन लावतो.
"निघालीस का गं?" ती विचारते.
"निघतेच आहे."
"थंडीचं काहीतरी घेऊन ये अंगावर."
पुढच्या रविवारी पुन्हा, "निघालीस का गं?"
तिच्यासाठी मी दर आठवड्याला नव्याने निघते.
वाट बघून ती थकत नाही,
कारण कालची वाट तिला आठवत नाही.
तिचंही थकणं मीच करते,
इथे, कन्नमवार नगरात,
खाडीकडून डास यायच्या आत खिडकी लावताना.

एकदा धीर करून विचारलं,
"तुझ्या आजारपणात मी आले होते, आठवतं?"
"मला काय झालं होतं?" ती म्हणाली,
आणि हसली, तसं, लहानपणी पत्त्यांत फसवून हसायची तसं.

म्हणजे पातेलं गेलं. पोचा गेला.
ते एकेचाळीस दिवस आता
मला आणि एका परक्या सरकारला आठवतात.
कुठल्याशा टेबलावर, कुठल्याशा फाईलमध्ये,
माझ्या बहिणीचं आजारपण
तारीखवार जपून ठेवलेलं आहे.
कधी कधी वाटतं, आभार मानावेत.

आमच्यात एक खूण होती.
शब्द चुकून खोडला गेला
तर त्याखाली टिंबं द्यायची, समासात लिहायचं: असू द्या.
जुळाऱ्याला कळायचं, काट असूनही
हा शब्द जागेवर ठेवायचा.
बाकी काही मागत नाही मी साहेब,
चूक होती, मान्य,
खाली टिंबं द्या.

मेथकूट दोनदा केलं तिच्यासाठी.
दोन्ही वेळा वास उतरला,
भातावर घालून मीच संपवलं.
आज पुन्हा डाळी भाजल्यात,
डबा मात्र छोटा घेतलाय.
तन्मेषचा आवाज येतोय जिन्यात,
मंगळवार आहे वाटतं.