बिननंबरी शेड, उद्यमबाग

साखर कारखान्याच्या भंगारातले वाफेचे एल्बो
किलोवर आणतो मी, टमटममधून.
चार नळ्या एका तोंडात मिळवल्या की मॅनिफोल्ड.
बाकी सगळा जाळाचा हिशेब.

कंपनीचा चाळीसला पडतो.
हुबळीचा पोरगा कन्नडात भाव पाडतो,
मी मराठीत नाही म्हणतो,
साडेसातावर दोघं एकदम गप्प.

जोडाला भेग गेली तर परत आण म्हटलंय.
आणला फोंड्याच्या मिंगेलनं, फडक्यात गुंडाळून,
आजारी कोंबडीसारखा.
पैसे घेतले नाहीत.
रात्री भेग बघत बसलो:
त्या दिवशी आर्गॉन संपत आला होता
आणि मी कुणाला बोललो नव्हतो.

आता चोर्ला चढताना
लांबूनच शीळ ऐकू येते म्हणे त्याच्या टर्बोची.

माझ्याकडे लुना आहे.